तबकडीतला खर्ज हरवतो कुठे?

माळ्यावरची ट्रंक खाली येते, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या एलपी बाहेर निघतात, मऊ कापडाने पुसल्या जातात आणि नव्याने विकत घेतलेल्या टर्नटेबलवर पहिली तबकडी फिरू लागते. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातील अनेक घरांत हा प्रसंग घडला आहे. मात्र पहिल्या दहा मिनिटांतच बऱ्याच जणांचा विरस होतो. गायकाचा आवाज ओळखीचा असतो, हार्मोनियम स्पष्ट ऐकू येते, तबल्याची चाट टणटणीत वाजते. परंतु डग्ग्याचा घुमारा कुठेतरी नाहीसा झालेला असतो आणि तानपुरा शेजारच्या खोलीत वाजत असावा असे वाटते. ही तक्रार दुकानात नेली की उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘सबवूफर घ्या.’

हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नसला, तरी तो सर्वांत शेवटी द्यावयाचा सल्ला आहे. सबवूफर खर्ज निर्माण करीत नाही. त्याच्यापर्यंत जो पोहोचतो, तोच तो मोठा करून ऐकवतो. तबकडीच्या चरातून निघालेला खर्ज श्रोत्याच्या कानापर्यंत येईस्तोवर सुई, टोनआर्म, फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि अखेरीस खोली असा प्रवास करतो, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्याची गळती होऊ शकते. गळती न शोधता यंत्रे वाढवीत गेल्यास पैसे खर्च होतात आणि डग्गा दबलेलाच राहतो. त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. चुकीच्या अथवा झिजलेल्या सुईखाली तबकडीचे चर कायमचे खरवडले जातात. यंत्र बदलता येते. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेली तबकडी पुन्हा मिळेलच, याची शाश्वती नसते.

मुळात खर्ज म्हणजे किती खाली, हे आधी पाहावयास हवे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते, म्हणजेच तिची कंपनसंख्या ६९ हर्ट्झच्या आसपास असते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्यात हीच तार सुमारे १०४ हर्ट्झला वाजते. डग्ग्याचा गाभाही साधारण याच टापूत असतो. हिंदी चित्रपटसंगीतातील बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. तेव्हा कानाने जेमतेम जाणवणाऱ्या २० हर्ट्झचा हव्यास आपल्याकडच्या बहुतेक संग्रहांसाठी अनाठायी आहे. ६० ते १५० हर्ट्झ हा पट्टा स्वच्छ आणि भरीव ऐकू आला, तर मैफल समोर उभी राहते. परदेशी मासिकांतील सल्ले वाचून जमिनीला हादरे देणारी यंत्रणा आणणाऱ्यांचा घोटाळा नेमका येथेच होतो.

आता तबकडीकडे वळू. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आणली. तिचे चर केसाच्या जाडीएवढे अरुंद असतात आणि ध्वनीच्या कंपनांनुसार ते डावीउजवीकडे वळणे घेतात. अडचण अशी, की सुईचा वेग सारखाच ठेवायचा असेल, तर ५० हर्ट्झच्या स्वरासाठी चराला १,००० हर्ट्झच्या स्वरापेक्षा वीसपट रुंद हेलकावा घ्यावा लागतो. खर्ज आहे तसा कोरला तर एक चर शेजारच्या चरात घुसेल आणि एका बाजूवर निम्मेही संगीत मावणार नाही. यावर उपाय म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबला जातो आणि वरचे स्वर उचलले जातात. वाजवताना बरोबर उलटे केले जाते. पूर्वी प्रत्येक कंपनीचे यासाठीचे प्रमाण वेगळे होते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ठरवलेले प्रमाण पुढे सर्वत्र रूढ झाले. संघटनेच्या आद्याक्षरांवरून ते ‘आरआयएए’ या नावाने ओळखले जाते. या प्रमाणानुसार वाजवताना १,००० हर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झचा स्वर सुमारे साडेचार पटींनी, तर ५० हर्ट्झचा सुमारे सात पटींनी वाढवावा लागतो.

याचा अर्थ असा, की तबकडीवर खर्ज असतो, पण तो मिटलेल्या अवस्थेत. तो उलगडण्याचे काम फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर करतो. टर्नटेबलची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’ऐवजी ‘ऑक्स’ लिहिलेल्या खाचेत खोचली, तर हा उलगडा होतच नाही. आवाज क्षीण, किरटा आणि खर्जहीन येतो. घरोघरी आढळणारी ही पहिली चूक आहे आणि ती सुधारण्यास अनेकदा एक पैसाही लागत नाही. अलीकडच्या अनेक स्वस्त टर्नटेबलांत फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो आणि मागील बाजूस ‘फोनो’ व ‘लाइन’ असे बटण असते. ते ‘लाइन’वर ठेवून तार पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’मध्ये जोडली, तर उलगडा दोनदा होतो. मग खर्ज गढूळ होऊन फुगतो आणि आवाज फाटतो. दोन्हींपैकी एकच उलगडा व्हावा, हा साधा नियम लक्षात ठेवला तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

जुन्या भारतीय प्लेअरांची कथा थोडी निराळी आहे. एचएमव्हीच्या ‘फिएस्टा’सारख्या सुटकेसवजा प्लेअरांमध्ये चुंबकीय नव्हे, तर स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे कार्ट्रिज असे. अशा कार्ट्रिजला आरआयएए उलगड्याची गरज भासत नाही; मात्र पुढच्या यंत्राचा विद्युत्‌रोध फार मोठा, दहा लाख ओहमच्या घरात असावा लागतो. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’चा रोध साधारणतः दहा ते पन्नास हजार ओहम असतो. तेथे हे कार्ट्रिज जोडले की खर्जच सर्वांत आधी गळून पडतो. वडिलांच्या काळी दणदणीत वाजणारा प्लेअर नव्या स्पीकरांना जोडल्यावर पोकळ का वाजतो, याचे उत्तर येथे आहे. जाणकार कारागीर मध्ये उच्च रोधाचा छोटा प्रीअ‍ॅम्प्लिफायर बसवून देतो. तथापि असे कार्ट्रिज तबकडीवर जड दाबाने चालते. जपून ठेवाव्यात अशा तबकड्यांसाठी चुंबकीय कार्ट्रिजचा प्लेअर घेणे आणि जुना प्लेअर आठवण म्हणून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

आणखी एक फुकटची तपासणी आहे. स्टीरिओच्या दोन स्पीकरांपैकी एकाच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचा खर्ज हवेतच एकमेकांना खाऊन टाकतो. दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवून एकाच्या तारा अदलाबदल करून पाहाव्यात. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो, ती बरोबर. कार्ट्रिजच्या मागील चार नाजूक तारांबाबतही हीच गफलत होते. तेथे उजव्या वाहिनीसाठी लाल व हिरवी, तर डाव्या वाहिनीसाठी पांढरी व निळी तार असते. यांपैकी एक जोडी उलटली तरी परिणाम तोच.

यानंतर सुई. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य सर्वसाधारणपणे ५०० ते १,००० तासांचे मानले जाते. जुन्या प्लेअरवरची सुई किती तास चालली आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती आधी बदलावी. अमेरिकेच्या शूर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणे थांबवले; तथापि तिच्या अनेक जुन्या कार्ट्रिजसाठी जपानमधील जिको कंपनीच्या सुया मिळतात. सुईचा दाब कार्ट्रिजच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच ठेवावा. तबकडी झिजू नये म्हणून दाब कमी ठेवण्याची प्रथा दिसते, पण ती उलट फळते. खर्जाचे हेलकावे सर्वांत मोठे असतात. हलकी सुई त्यांच्यात चराच्या भिंतींना धरून राहू शकत नाही, ती आपटत चालते आणि नेमकी त्यामुळेच भिंत तुटते. दुसऱ्या टोकाला नाण्याचा इलाज आहे. सुई घसरू नये म्हणून टोनआर्मच्या टोकावर चार आण्याचे नाणे ठेवणारी घरे एके काळी थोडीथोडकी नव्हती. ते नाणे अडीच ते पावणेतीन ग्रॅमचे असे, आणि आजच्या बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना लागणारा एकूण दाब दीड ते दोन ग्रॅमच असतो. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले, सवय मात्र काही ठिकाणी उरली आहे. दाब मोजण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा स्वस्तात मिळतो, तो घ्यावा.

सुई आणि टोनआर्म यांची जोडी जुळणे ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते, परंतु खर्जाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. सुई एका लवचिक दांडीवर बसलेली असते आणि तिच्यावर टोनआर्मचे वजन असते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाप्रमाणे या जोडीलाही स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडावी. त्याहून खाली गेली, तर वाकलेल्या तबकडीच्या चढउतारांबरोबर टोनआर्म डोलू लागतो. वर गेली, तर ती ऐकू येणाऱ्या खर्जाच्या जवळ येऊन त्यात लुडबुड करते. हिशेब अवघड नाही. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधील बेरीज घ्यावी, तिला कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातील लवचिकतेच्या आकड्याने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्याने भागावे. समजा, टोनआर्म १२ ग्रॅमचा आहे, कार्ट्रिज व स्क्रू मिळून ७ ग्रॅम आणि लवचिकता १५ आहे. उत्तर येते ९.४ हर्ट्झ. जोडी उत्तम. त्याच टोनआर्मवर ३० लवचिकतेचे कार्ट्रिज लावले तर उत्तर ६.७ येते, आणि ५ लवचिकतेचे लावले तर १६.३. दोन्ही कार्ट्रिजे आपापल्या जागी चांगली असूनही या टोनआर्मवर ती विजोड ठरतात. एक सावधगिरी मात्र हवी. जपानी कंपन्या लवचिकतेचा आकडा बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात; हिशेबासाठी तो दीड ते दोन पटींनी वाढवून घ्यावा लागतो.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या जुन्या टर्नटेबलाबाबत येथे जाता जाता सांगायला हवे. तेथील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, आपला ५० चा. विजेच्या कंपनसंख्येवर चालणारी मोटर असेल, तर व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावूनही तबकडी ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते. प्रथमदर्शनी खर्ज वाढल्याचा भास होतो, आणि काही जण त्यावर खूशही होतात! अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली बसवावी लागते.

टर्नटेबल कुठे ठेवले आहे, यालाही महत्त्व आहे. शोकेसच्या एकाच फळीवर मधोमध टर्नटेबल आणि दोन्ही बाजूंना स्पीकर, ही मांडणी दिसते देखणी, पण खर्जाला मारक असते. स्पीकरचा हादरा फळीतून सुईपर्यंत पोहोचतो, सुई तो पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवते आणि हे चक्र वाढत जाऊन घूं असा आवाज उठतो. तो इतका मोठा नसला, तरी डग्ग्याची प्रत्येक थाप लांबत, पसरत जाते. परीक्षा सोपी आहे. तबकडी स्थिर ठेवून सुई अलगद तिच्यावर टेकवावी, आवाज हळूहळू वाढवावा आणि फळीवर बोटाने टिचकी मारावी. ती टिचकी स्पीकरमधून ढब्‌ अशी ऐकू आली, तर टर्नटेबल वेगळ्या, भक्कम टेबलावर किंवा भिंतीत ठोकलेल्या स्वतंत्र फळीवर हलवावे. याच वेळी सतत गुणगुण ऐकू आली, तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा विजेचा आवाज असतो. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली आहे का, ते पाहावे. खर्ज वाढवू तितकी ही गुणगुणही वाढणार, म्हणून ती आधी बंद करणे आवश्यक.

एवढे सारे जमल्यावर प्रश्न उरतो खोलीचा, आणि शहरी घरांत तोच सर्वांत चिवट असतो. ६० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे पावणेसहा मीटर असते, म्हणजे बहुतेक दिवाणखान्यांपेक्षा ती मोठी. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अशा लहरी आपटत राहतात आणि काही ठरावीक स्वर फुगतात. बारा फूट लांबीला हा स्वर सुमारे ४७ हर्ट्झ, दहा फुटांना सुमारे ५६ हर्ट्झ येतो. दहा बाय दहाच्या खोलीची उंचीही दहा फुटांच्या जवळ असेल, तर तिन्ही दिशांचे फुगवटे एकाच स्वरावर साचतात. मग तो एक स्वर ढोलासारखा घुमतो आणि शेजारचे स्वर मुके राहतात. अमेरिकेतील लाकूड आणि जिप्समच्या भिंतींतून खर्ज काही प्रमाणात बाहेर निसटतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळपास सगळा परत पाठवतात. त्यामुळे तिकडचे खोलीविषयक सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

यात श्रोत्याची बसण्याची जागा फार महत्त्वाची ठरते. या फुगलेल्या स्वरांचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो आणि सर्वांत खालच्या स्वराचा खोलीच्या नेमक्या मध्यावर जवळजवळ शून्य. मध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला खर्ज सापडत नाही, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसणाऱ्याला तो नको तितका सापडतो. मुंबईच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, कारण दुसरी जागाच नसते. तरीही तो फूट-दीड फूट पुढे ओढून ऐकावे. फरक लगेच कळतो. स्पीकर भिंतीकडे सरकवले तर खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. किरट्या आवाजाच्या स्पीकरांसाठी हा बिनखर्ची उपाय आहे. आधीच घुमणाऱ्या खोलीत मात्र तो टाळावा. कपाटावर ठेवलेले स्पीकर खाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर आणावेत. भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवल्याने खर्जाला ढिम्म फरक पडत नाही. कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची जाड चळत असेल, तर थोडाफार पडतो.

काही तबकड्यांत खर्ज मुळातच कमी असतो, हेही मान्य करायला हवे. १९०२ मध्ये कोलकात्यात गोहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंतच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन घेतलेल्या. त्यांत खर्ज उतरलाच नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी एलपीची सुईही चालत नाही. एलपीची सुई टोकाशी सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ ची सुमारे ७५ मायक्रॉनची. शिवाय आरआयएए प्रमाणाने त्या वाजवल्यास खर्ज फुगतो आणि वरचे स्वर मंदावतात. एलपीतही, एका बाजूवर पंचवीस-तीस मिनिटांचा ख्याल कोंबला असेल, तर चर अरुंद ठेवण्यासाठी आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. डिस्कोच्या जमान्यातील ४५ फेऱ्यांच्या बारा इंची तबकड्यांवर मोजून एक-दोन गाणी असत; त्यांचा दणका त्या मोकळ्या जागेतून येई. ख्यालाच्या एलपीने तसे वाजावे, ही अपेक्षा योग्य नव्हे.

हे सर्व तपासून झाल्यावरही पाच इंची वूफरचे छोटे स्पीकर ६०-७० हर्ट्झच्या खाली दमतातच, आणि तेव्हा सबवूफरचा विचार रास्त ठरतो. स्टीरिओ एलपीवर खोल खर्ज बहुधा दोन्ही वाहिन्यांत समानच ठेवलेला असतो, कारण तो वेगवेगळा कोरल्यास सुई वर-खाली उडण्याचा धोका असतो. म्हणून एकच सबवूफर पुरतो. विकत घेताना छिद्र नसलेल्या, बंद पेटीचा सबवूफर पसंत करावा. वाकलेली तबकडी सेकंदाला काही वेळा सुई उचलते-पाडते. ही कंपने ऐकू येत नाहीत, पण छिद्राच्या पेटीतील पडदा त्यांनी उगाचच आतबाहेर हेलकावे घेत राहतो आणि खऱ्या खर्जासाठी त्याच्यात ताकद उरत नाही. फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये २० हर्ट्झखालची कंपने अडवणारा रंबल फिल्टर असल्यास तो चालू ठेवावा.

सबवूफरची जागा शोधण्याची पद्धत थोडी हास्यास्पद दिसते, पण ती लागू पडते. सबवूफर श्रोत्याच्या सोफ्यावर ठेवावा, तानपुरा आणि डग्गा स्पष्ट असलेली तबकडी लावावी आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐकावे. जेथे सगळे खर्जस्वर एकसारखे ऐकू येतील, तेथे सबवूफर ठेवून आपण सोफ्यावर बसावे. त्याखाली जाड रबराची बैठक घालावी. खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो आणि मग सोसायटीच्या सभेत विषय निघतो. त्याची मर्यादा ६० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान लावावी आणि आवाज शून्यापासून हळूहळू चढवावा. सबवूफर वाजतो आहे असे जाणवू लागले, की थोडे मागे यावे. मग तो मध्येच बंद करून पाहावा. बंद करताच तानपुरा उठून आतल्या खोलीत गेल्यासारखा वाटला, तर बटण तिथेच राहू द्यावे.